राजकारण्याचं चरित्र आणि त्याचं घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की नागपुरात पुस्तक प्रकाशनांची लगबग सुरू होते. कुणाची एकसष्टी असते, कुणाचा अमृतमहोत्सव, कुणाची जन्मशताब्दी. अशा चरित्रांची हस्तलिखितं वाचून दुरुस्त करण्याचं काम मी करते. लिहिणारे बहुतेक निवृत्त शिक्षक, पत्रकार, जुने कार्यकर्ते, क्वचित नेत्याचे स्वीय सहायक. धरणं, रस्ते, सभागृहातली भाषणं यांबद्दल त्यांना काही विचारायचं नसतं. त्यांचं अडतं ते नेत्याच्या घराच्या उंबऱ्याशी. तिथे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे देते आहे.

नेत्याचं काम लिहिलं की पुरे नाही का? घरात शिरायचंच कशाला?

कारण काम घरातूनच उगवतं. वसंतराव नाईकांचं उदाहरण घ्या. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५, म्हणजे अकरा वर्षांहून जास्त काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. पुसदजवळच्या गहुलीचा बंजारा समाजातला हा मुलगा नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकला, वकील झाला, आणि १९४१ साली त्यानं नागपूरच्या घाटे कुटुंबातल्या वत्सलाबाईंशी लग्न केलं. बंजारा मुलगा, ब्राह्मण मुलगी, आणि साल १९४१. विरोध व्हायचा तो झालाच. आता हे लग्न ‘खासगी बाब’ म्हणून एका ओळीत उरकलं, तर जातीच्या भिंतीला ज्यानं ऐन तारुण्यात स्वतःच्या आयुष्यात धडक दिली तो माणूस पुढे राज्य कसं चालवतो, हे बघण्याची एक खिडकीच बंद होते. अशा लग्नाला चरित्रात पूर्ण प्रकरण हवं. त्या काळचं नागपूर, दोन्हीकडचे नातलग, लग्नानंतरची वागणूक, सगळं हवं. नवराबायको एकमेकांशी घरात काय बोलत होते, ते मात्र त्यांनी स्वतः सांगितलं नसेल तर आपण रचू नये.

मग काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे कसं ठरवायचं?

मी हस्तलिखिताच्या समासात तीन प्रश्न लिहून ठेवते.

पहिला : ही गोष्ट काढून टाकली तर त्या माणसाचा एखादा सार्वजनिक निर्णय समजायचा राहून जातो का? दुसरा : या गोष्टीत पद, सरकारी पैसा किंवा पक्षाची ताकद वापरली गेली का? यांपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर ती गोष्ट नुसती घरातली राहत नाही. साहेबांनी हुंड्याविरुद्ध भाषणं दिली आणि स्वतःच्या मुलाच्या लग्नात हुंडा घेतला, तर ते लग्न चरित्रात आलंच पाहिजे. भाचा ठेकेदार असेल आणि साहेबांच्याच खात्याची कंत्राटं त्याला मिळत असतील, तर ते नातंही आलं पाहिजे.

तिसरा प्रश्न बहुतेक लेखक विसरतात : ही गोष्ट एकट्या नेत्याची आहे की आणखी कुणाची? निवडणुकीला नेता उभा राहिला होता. त्याची बायको, बहीण, मुलगी, आजारी भाऊ उभे राहिले नव्हते. नेत्यानं लोकांपुढे येताना जी मोकळीक दिली ती त्याच्यापुरती. घरातल्या प्रत्येकाच्या नावावर ती आपण वापरू शकत नाही.

आजारपण लिहावं का?

पदावर असतानाचं, किंवा निर्णय बदलवणारं आजारपण जरूर लिहावं. ऑगस्ट १९५१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून हिंदू कोड बिल, म्हणजे हिंदूंचे लग्न-वारशाचे कायदे सुधारणारं विधेयक, लवकर चर्चेला घ्या म्हणून सांगितलं. त्यात त्यांनी आपल्या ढासळत्या प्रकृतीचं कारण दिलं होतं. पुढच्याच महिन्यात त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मधुमेहाचा, डॉक्टरांच्या काळजीचा उल्लेख न करता त्या दोन महिन्यांची घाई वाचकाला कशी समजावून सांगणार?

आपल्या रामटेकचंही उदाहरण आहे. पी. व्ही. नरसिंह राव १९८४ आणि १९८९ साली तिथून लोकसभेवर गेले. १९९० मध्ये ह्यूस्टनला त्यांची हृदयशस्त्रक्रिया झाली. १९९१ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही, दिल्लीतला मुक्काम हलवायची तयारी चालली होती. मे महिन्यात राजीव गांधींची हत्या झाली आणि जूनमध्ये राव पंतप्रधान झाले. ते हृदयाचं दुखणं काढून टाकलं तर ही सगळी कहाणी अर्धवट राहते.

लपवाछपवीचा दाखला हवा तर फ्रान्सकडे बघावं. फ्रान्स्वा मित्तराँ १९८१ साली अध्यक्ष झाले आणि थोड्याच काळात त्यांना कर्करोग असल्याचं कळलं. त्यांच्या प्रकृतीची पत्रकं नियमित निघत होती, पण त्यांत कर्करोगाचं नाव कित्येक वर्षं आलं नाही. जानेवारी १९९६ मध्ये ते वारले आणि काही दिवसांतच त्यांच्या डॉक्टरनं या लपवाछपवीवर पुस्तक काढलं. घरच्यांनी कोर्टातून त्यावर बंदी आणली. प्रकरण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं. २००४ साली तिथे ठरलं की मृत्यूनंतर लगेच घातलेली तात्पुरती बंदी योग्य होती, पण काळ लोटल्यावरही ती चालू ठेवणं योग्य नव्हतं. मला हा निकाल फार शहाणा वाटतो. घरच्यांचं दुःख ताजं असतानाचा काळ वेगळा आणि इतिहास लिहिण्याचा काळ वेगळा, हे त्यानं मान्य केलं.

मात्र आजार लिहिणं म्हणजे रुग्णालयाची फाइल छापणं नव्हे. तपासणीचे आकडे, अखेरच्या दिवसांतले शरीराचे हाल, कुठल्या नळ्या लावल्या होत्या, यातून वाचकाला काही कळत नाही. एखाद्या कर्मचाऱ्यानं मोबाइलवर काढलेले कागदांचे फोटो कुणी आणून दिले तर ते घेऊच नका. विश्वासानं कळलेली एचआयव्हीची माहिती त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे, हेही लक्षात असू द्या.

वाद नको म्हणून गाळलं तर कुणाचं काय बिघडतं?

बिघडतं, आणि बहुतेक वेळा घरातल्या बाईचं बिघडतं. हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा भिक्खू चंद्रमणी यांच्यासमोर त्यांच्या शेजारी डॉ. सविता आंबेडकर होत्या. दोघांनी बरोबर दीक्षा घेतली. १९४८ साली त्यांचं लग्न झालं होतं. त्यामागे प्रकृतीचं कारण होतं हे बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्रातून मोकळेपणानं कळवलं होतं. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि सविताबाईंवर संशयाचं सावट आलं. सरकारी चौकशी झाली, मृत्यू नैसर्गिक असल्याचं सांगितलं गेलं, तरी कुजबुज थांबली नाही.

आता गाळण्याचा भाग. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली प्रस्तावना लिहिली होती. आपली अवस्था डॉक्टरांच्या मते विझत चाललेल्या ज्योतीसारखी झाली होती, ती ज्योत पुन्हा पेटली ती पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, त्यांच्यामुळेच हे काम पुरं झालं, अशी कृतज्ञता त्यांनी तीत नोंदवली. १९५७ साली ग्रंथ छापून आला तो या प्रस्तावनेशिवाय. पुढे १९८० मध्ये आंबेडकरी अभ्यासक भगवान दास यांनी ती प्रसिद्ध केली. म्हणजे जिच्यावर बोट दाखवलं जात होतं तिच्याबद्दल खुद्द बाबासाहेबांनी काय लिहिलं, हे वाचकांना जवळपास दोन तपं सहजी वाचायला मिळालं नाही. सविताबाई २००३ पर्यंत जगल्या. त्यांच्या आयुष्यातली किती वर्षं यात गेली याचा विचार करा.

म्हणून कुणी मला म्हणालं, ‘वहिनींचा विषय नको, पान काढून टाकू,’ की मी आधी विचारते की ते पान वहिनींच्या बाजूचं आहे की विरुद्ध. रिकामी जागा रिकामी राहत नसते. तिथे लोक आपापल्या गोष्टी भरतात, आणि त्या बहुधा ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्या विरुद्ध जातात.

साहेबांच्या बाहेरच्या संबंधांबद्दल सगळ्या शहराला माहीत आहे. ते लिहू का?

‘सगळ्या शहराला माहीत आहे’ हा पुरावा नाही. धरमपेठेत एक ऐकू येतं, महालात दुसरं, आणि दोन्ही सांगणारे शपथेवर सांगतात. पत्र, न्यायालयातली कागदपत्रं, संबंधित व्यक्तीची स्वतःची कबुली, यांपैकी काही हाती असेल तर पुढचा विचार करायचा. नसेल तर विषय तिथेच संपला.

पुरावा असला तरी वरचे तीन प्रश्न लावा. त्या नात्यामुळे कुणाला तिकीट मिळालं का, महामंडळ मिळालं का, भूखंड मिळाला का? विरोधकांनी ते वापरून साहेबांना कुठे अडवलं का? त्यापायी एखादी निवडणूक हातची गेली का? तसं असेल तर लिहा, आणि जेवढं राजकारणाशी जोडलेलं आहे तेवढंच लिहा. नुसतं दोन प्रौढ माणसांचं नातं असेल तर ते त्यांचं त्यांच्यापाशी राहू द्या.

त्या बाईंचा विचार इथे सर्वांत आधी यायला हवा. आपल्याकडे पुरुषाचं असं प्रकरण ‘रंगेल स्वभाव’ म्हणून हसण्यावारी जातं, आणि बाईचं नाव मात्र तिच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरतं. त्या सार्वजनिक जीवनात नसतील तर नाव देऊ नका. गाव, नोकरी, शाळा असे ओळख पटेल असे तपशीलही देऊ नका. ‘एक परिचित महिला’ एवढ्यानं राजकारणाचा मुद्दा सांगून होतो.

आणि ते नातं खुशीचं नसेल, जबरदस्ती किंवा पदाच्या धाकातून आलेलं असेल, तर त्याला ‘प्रेमप्रकरण’ म्हणू नका. तो गुन्हा आहे, तो गुन्हा म्हणूनच चरित्रात आला पाहिजे. मात्र बलात्कार आणि तत्सम लैंगिक गुन्ह्यांतल्या पीडितेची ओळख उघड करणं कायद्यानं दंडनीय आहे.

मुलांबद्दल किती लिहायचं?

अल्पवयीन मुलांबद्दल जवळपास काहीच नाही. मोठी मुलं राजकारणात किंवा वडिलांच्या संस्थांत असतील तर त्या भूमिकेपुरतं.

गांधीजींचे थोरले पुत्र हरिलाल यांचं उदाहरण लोक देतात. १९३६ साली हरिलाल यांनी धर्मांतर केलं तेव्हा गांधीजींनी स्वतः ‘हरिजन’मध्ये त्याबद्दल जाहीरपणे लिहिलं. बापलेकांतला दुरावा त्यामुळे उघड झाला आणि चरित्रकारांना तो टाळता येत नाही, टाळूही नये. पण ती वाट गांधीजींनी स्वतः मोकळी केली होती. तुमच्या नेत्याच्या मुलाचं व्यसन, मुलीचा मोडलेला संसार, हे ज्यानं त्यानं स्वतः सांगितलेलं नसेल तर आधी त्या मुलाला किंवा मुलीला विचारा. नेत्याला विचारून भागत नाही.

खाणंपिणं, देवधर्म, सवयी?

माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो तो यातूनच. सावजी मटणाची आवड, पहाटेचं फिरणं, टेकडीच्या गणपतीचं दर्शन, मोकळेपणानं लिहा. दारूचा उल्लेख कामावर परिणाम झाला असेल तरच.

पैसा ही खासगी गोष्ट आहे ना?

निवडणूक लढवणाऱ्यासाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर विधानसभा आणि लोकसभेच्या उमेदवाराला स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, देणी, शिक्षण आणि गुन्हेगारी प्रकरणं शपथपत्रात द्यावी लागतात. ती शपथपत्रं कुणालाही बघता येतात. लागोपाठच्या निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवून वाचणं हे चरित्रकाराचं साधं कर्तव्य आहे, आणि हे कष्ट फार थोडे घेतात याचं मला वाईट वाटतं.

पुस्तकाचा खर्च घरच्यांनी केला आहे. मग त्यांचं ऐकावंच लागेल ना?

मग पुस्तकाला चरित्र म्हणू नका, गौरवग्रंथ म्हणा. गौरवग्रंथ काढण्यात कमीपणा काही नाही. आठवणी, छायाचित्रं, भाषणं त्यात जपली जातात आणि पुढच्या अभ्यासकाला ती उपयोगी पडतात. फसवणूक होते ती गौरवग्रंथावर ‘चरित्र’ छापल्यावर. खर्च कुणी केला आणि कागदपत्रं कुणी दिली, हे मनोगतात दोन ओळींत स्पष्ट सांगा. शक्य असेल तर सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्या की तथ्याच्या चुका घरचे दाखवतील आणि मजकुराचा निर्णय लेखकाचा राहील.

नेत्यानं आत्मचरित्रात लिहिलंय तेच घेतलं तर चालेल का?

आरंभ म्हणून चालेल. डॉ. ना. भा. खरे मध्यप्रांताचे मुख्यमंत्री होते. जुलै १९३८ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं आणि रविशंकर शुक्ल आले. खऱ्यांनी पुढे आपली बाजू आठवणींत सविस्तर मांडली. काँग्रेस कार्यकारिणीची बाजू अगदी वेगळी आहे. सार्वजनिक घटनेबाबत आपण दोन्ही बाजू तपासतो, तशाच घरातल्या घटनेबाबतही तपासायच्या. ‘पत्नीची मला सदैव साथ लाभली’ असं नेत्यानं लिहिलं असेल तर ती साथ कशी होती, हे पत्नीला विचारा. घर कुणी चालवलं, दारावर येणाऱ्या माणसांना चहा कुणी दिला, तुरुंगवासात मुलांची फी कुणी भरली? या उत्तरांतून एक वेगळंच राजकीय आयुष्य समोर येतं.

स्त्री राजकारण्यांचं चरित्र लिहिताना काही वेगळं करावं का?

उलट, तेच करावं जे पुरुषाच्या बाबतीत करता. अनसूयाबाई काळे १९३७ नंतरच्या मध्यप्रांत विधानसभेत उपसभापती होत्या. १९४२ च्या ‘छोडो भारत’ चळवळीतल्या आष्टी-चिमूर प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्यांचे जीव वाचावेत म्हणून त्या झटल्या. १९५२ साली त्या नागपूरच्या खासदार झाल्या. अशा बाईंवरच्या लेखात ‘घरसंसार सांभाळून’ हे शब्द पहिल्याच परिच्छेदात का यावेत? पुरुष पुढाऱ्याच्या चरित्रात ते शेवटच्या पानावरही येत नाहीत. विधवा, परित्यक्ता, अविवाहित हे शब्द बाईच्या नावापुढे चिकटवण्याआधी स्वतःला विचारा की पुरुषाच्या नावापुढे ते लिहिले असते का.

जुनी पत्रं, डायऱ्या हाती आल्या आहेत. छापता येतील?

पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं तो वारसांकडे राहतो, आणि मजकूर मृत्यूनंतर पहिल्यांदा छापला तर ही साठ वर्षं छापल्यापासून मोजली जातात. म्हणून वारसांची लेखी परवानगी घ्या. त्यातला आशय स्वतःच्या शब्दांत सांगायला कॉपीराइट आड येत नाही, पण खासगीपणाचा प्रश्न तरीही उरतो. डायरी कुणाच्या कपाटातून न विचारता आणलेली असेल तर ती परत द्या.

नेते वारले आहेत. आता बदनामीची भीती नाही ना?

आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ सांगतं की मृत व्यक्तीवर केलेला आरोप ती जिवंत असती तर तिची बदनामी करणारा ठरला असता, आणि नातलगांच्या भावना दुखावण्याचा हेतू त्यामागे असेल, तर ती बदनामीच. शिवाय ‘खरं आहे’ एवढं म्हणून फौजदारी खटल्यात सुटका होत नाही. ते छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं.

आणि जिवंत नेता कोर्टात गेला तर?

घाबरून पान फाडू नका, तयारी ठेवा. १९९४ च्या राजगोपाल निकालात सर्वोच्च न्यायालयानं दोन गोष्टी सांगितल्या. माणसाच्या संमतीशिवाय त्याचं लग्न, कुटुंब, मूल यांबद्दल लिहिता येत नाही. पण सार्वजनिक नोंदींवर आधारलेलं लिहिता येतं, आणि सार्वजनिक पदावरच्या माणसाला त्याच्या पदाच्या कामाबद्दलच्या लिखाणावर सहजी दाद मागता येत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. त्यामुळे पहिली बाजू आणखी भक्कम झाली आहे. खुशवंत सिंग यांच्या आत्मचरित्राला मनेका गांधींच्या तक्रारीवरून मिळालेली स्थगिती दिल्ली उच्च न्यायालयानं २००१ साली उठवली, पण तोवर काही वर्षं गेली होती. तेव्हा प्रत्येक नाजूक वाक्यामागचा कागद वेगळ्या फायलीत लावून ठेवा आणि छापण्याआधी वकिलाला दाखवा.

मुलाखत देताना काकू बरंच बोलल्या, मग म्हणाल्या, ‘हे लिहू नका हं.’ काय करू?

लिहू नका. दुसरीकडून स्वतंत्रपणे तीच माहिती मिळाली तर पुन्हा काकूंकडे जा आणि सांगा की ही गोष्ट आता मला इतरांकडूनही कळली आहे, तुमचं म्हणणं काय? बहुतेक वेळा त्या तेव्हा नीट, शांतपणे सांगतात. वर्षानुवर्षं त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

घरच्यांना हस्तलिखित दाखवायचं का?

सगळं नाही. ज्याच्या आयुष्याबद्दल जे पान आहे ते पान त्या व्यक्तीला दाखवावं, असं माझं मत आहे. पंधरा दिवसांची मुदत द्या. चुका दुरुस्त करा. आक्षेप असेल आणि तुम्हाला तो पटला नाही, तर त्या व्यक्तीचं म्हणणं तिच्याच शब्दांत त्याच पानावर छापा. एखादी मुलगी म्हणाली की हे वाचून आईला त्रास होईल, तर आईलाच भेटा. आई काय म्हणते ते ऐकल्यावर पान ठेवायचं की काढायचं, हे तुम्ही ठरवा.